विनिताचे तुंबे आणि सुभाषरावांचा दुधी

विनिता आज जेवताना हसली, आणि ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही. माझी ही मुलगी एकतीस वर्षांची आहे, कामोठ्यात चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, आणि उगाच हसणाऱ्यांतली नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुभाषरावांनी फोटो टाकला होता. गच्चीवरच्या त्यांच्या वेलाला या वर्षी आलेला पहिला दुधी, आणि खाली, 'उद्या सकाळी याचाच ज्यूस!' विनिताने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि भात कालवता कालवता हसली.

तिला भोपळ्यांचं वेड लागलं ते शिरढोणला. एका मैत्रिणीकडे गेली होती, तर शेजारच्या गुणाबाईंच्या पडवीत वाळलेले तुंबे टांगलेले. एक सुरईसारखा, एक बगळ्याच्या मानेचा. विनिता तिथून हलेना. गुणाबाईंनी मूठभर बिया दिल्या आणि बजावलं, "पोरी, ह्यो कडू हाय, खायाचा नाय. निस्ता बघायाचा. आन दुधीच्या बाजूला लावू नको. त्या दुधीचं बी पेरलं का पुढल्या साली त्यो पन कडू."

करंजाड्याला आमच्या इमारतीच्या गच्चीवर तिने पिंपांत वेल लावले. संध्याकाळी त्यांची पांढरी फुलं उमलायची, तेव्हा ही दुकानातून थेट वर जायची. तुंब्याची मान वळावी म्हणून ती मऊ चिंधीने बांधायची, रोज थोडी सैल करायची. वाळताना सालीवर बुरशी चढते. मला किळस यायची, तिला त्यात नक्षी दिसायची. मग साल खरवडून, तेलाचा हात फिरवून, तुंबा माझ्या कानाशी हलवायची. "आई, ऐक, बिया सुटल्या!" घरात जागोजागी तुंबे लटकायचे, माझं डोकं आपटायचं, पण मी एक शब्द बोलत नसे. तिचं लग्न मोडल्यापासून तिला असं खुललेलं मी पाहिलंच नव्हतं.

सुभाषराव सोसायटीचे अध्यक्ष. मागच्या वर्षी गणपतीतलं सोसायटीचं जेवण गच्चीवर करायचं ठरलं. सांगितलं असतं तर आम्ही पिंपं सरकवली असती. पण विनिता दुकानात असताना त्यांनी कोयत्याने सगळे वेल बुडापासून तोडले. तुंबे अजून कोवळे होते, आणि कोवळा तुंबा वाळत नाही, सडतो. त्यांचा स्वतःचा दुधी मात्र कोपऱ्यात जसाच्या तसा.

तिने पंगतीतच विचारलं, "काका, माझेच का तोडले?"

"अगं, दुधी खायच्या कामाचा! तुझे नुसते शोभेचे," ते जिलबी वाढत म्हणाले. "कुरवाळायची एवढी हौस आहे तर दुसरं लग्न कर ना!"

पंगत हसली. त्यांची बायको, नीतावहिनी, तेवढी पानात बघत राहिली. विनिताने मऊ पडलेले तुंबे पोत्यात भरले, एकेक पुसून. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आज ताटं उचलताना मी विचारलं, "कशाला हसलीस गं?"

"काका बी विकत आणत नाहीत ना? बुडाजवळचा दुधी बियांसाठी ठेवतात. जगाला सांगत असतात."

"मग?"

"आपल्या स्वयंपाकघराच्या ग्रिलवर एक तुंब्याचा वेल उरला होता. मागच्या वर्षी गणपतीनंतर काकांच्या त्या बुडाजवळच्या दुधीचं फूल उमललं, त्या संध्याकाळी मी तुंब्याचं फूल नेऊन त्यात टेकवलं. दुसरा पराग शिरू नये म्हणून पाकळ्या दोऱ्याने बांधून टाकल्या. त्याच बिया त्यांनी यंदा पेरल्यात."

एखाद्या गिऱ्हाईकाला चष्म्याचा नंबर सांगावा, तशा आवाजात ती बोलली. वर्षभर गप्प राहून वाट पाहिली या पोरीने. आणि मला काय झालं, तर आनंद झाला. पहिल्याच घोटाला त्या माणसाचं वाकडं झालेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. "बरं केलंस," मी म्हटलं. "थू थू करत धावू दे बेसिनकडे." दोघीही पोट धरून हसलो.

भांडी घासायला घेतली आणि हात थांबले. सुभाषराव नुसता दुधी पीतच नाहीत. त्यात कारलं आणि कडुलिंबाचा पाला घालतात, आणि सगळा पेला एका दमात रिचवल्याची फुशारकी मारतात. त्या कडूत हा कडू त्यांना कळणार कसा? आणि कडू दुधीचा रस म्हणजे विष. माणसाला रक्ताच्या उलट्या होतात, जीवही जातो, हे मी पेपरात वाचलं आहे.

"विनिता, ते कारलं घालून पितात गं! त्यांना समजणारच नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि बाटल्यांत पाणी भरत राहिली.

आता ती झोपली आहे. मी केव्हाची हे लिहीत बसले आहे. त्या माणसाची मला अजूनही दया येत नाही. त्याचं तोंड कडू व्हावं, भर सोसायटीत फजिती व्हावी, असं मला या घटकेलाही वाटतं. पण उद्या तो पेला त्याच्या पोटात गेला, तर जन्मभर रोज सकाळी ते ओझं घेऊन जी उठेल ती माझी मुलगी असेल. तिने हे जाणूनबुजून केलं हे फक्त मला ठाऊक असेल, आणि तिला ठाऊक असेल की मी गप्प बसले.

ती माझ्याशी बोलणार नाही. कदाचित घर सोडून जाईल. जाऊ दे, पण तिच्या हाताला रक्त नको.

दुधी कडू आहे, पिऊ नका, एवढं सांगायला फोन लावते आहे. नीतावहिनींना नाही, त्यांनाच. का कडू झाला असं विचारलं, तर आधी त्यांनी काय केलं ते ऐकवीन, मग तिने काय केलं ते. एवढ्या रात्री फोन वाजला की दचकून उठतील, छातीत धडधडेल. धडधडू दे.