विसाव्या पावतीनंतर

बाबा एसटीत कंडक्टर होते. दर्यापूर असो की धारणी, फेरीहून परतल्यावर अमरावती डेपोत भरणा करताना आपला कधी एक रुपयाही कमी पडला नाही, हे ते इतक्यांदा सांगायचे की आई हात जोडायची.

तिचं दुखणं निघालं तेव्हा तिला अकोल्याला आणलं, कारण मी तिथे राहते. दवाखान्याचे साठ हजार बाबांनी क्रेडिट कार्डावर टाकले. बँकेचा कागद आल्यावर त्यांचा फोन आला. "हे दोन आकडे काहून हायेत वं? वर साठ हजार, खाली तीन हजार?"

"खालचे भरा बाबा. मिनिमम म्हणतात त्याला," मी म्हणाले आणि विषय बदलला.

आठ महिन्यांनी आई गेली. शेवटी शेवटी तिचा एकच धोशा होता. "माह्या दवाखान्याचं देणं ठेवू नोका. फेडून टाका."

बाबांनी दर महिन्याला तीन हजार भरले. साठ भागिले तीन, वीस. विसावा हप्ता नेमका वर्षश्राद्धाच्या आधी भरून झाला. काही बाकी नाही असा बँकेचा कागद त्यांना आईच्या फोटोपुढे ठेवायचा होता. मी आदल्या दिवशीच अमरावतीला पोचले होते, म्हणून बँकेत सोबत गेले. पावत्यांना रबर लावून त्यांनी गठ्ठा केला होता.

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "काका, अजून चव्वेचाळीस हजार बाकी आहेत."

बाबा हसले. तिने दुसऱ्याच कोणाचं खातं उघडलं असं त्यांना वाटलं. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी वीसही पावत्या तिच्यासमोर मोजल्या. बिचारीने नीट समजावलं. मिनिमम भरलं की फक्त उशिराचा दंड लागत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं. पहिल्या तीन हजारांतले अडीच हजार व्याजात आणि करात गेले, मुद्दलातून जेमतेम पाचशे वळते झाले.

"म्हंजे वीस महिने मी भरून काय राहिलो होतो?" बाबांनी विचारलं. तिने पावत्यांना पुन्हा रबर लावून गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला.

बाहेर आल्यावर ते पायरीवरच बसले. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. उलट माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुले कुठं मालूम होतं बाई. नाही तं सांगतलंच असतं न तू मले."

मला माहीत होतं. लग्नानंतर एका वॉशिंग मशीनपायी मी स्वतः मिनिमम भरत तीन वर्षं पिचले होते. आणि बाबांना फोनवर खालचा आकडा सांगितला, तेव्हा माझ्या खात्यात नव्या स्वयंपाकघरासाठी सत्तर हजार होते. वरचा सांगितला तर ते मागतील, एवढीच भीती. ज्या माणसाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, त्याची मला भीती वाटली!

चव्वेचाळीस हजार मी त्याच दुपारी भरले. बँकेचा कागद यायला मात्र आठवडा लागणार होता. दुसऱ्या दिवशी मी पानं वाढत होते, तेव्हा बाबा फोटोपुढे रिकाम्या हाताने उभे राहिले आणि आईला म्हणाले, "पोरीनं फेडलं वं तुह्यं."