कसेरूच्या कागदावरची तारीख

लहानुजी गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. परीक्षेच्या कामासाठी मी अमरावतीला होते. परत आले तर दाराच्या फटीतून सरकवलेलं पोस्टकार्ड पायाखाली आलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कुणीतरी गेलं एवढं वाचायच्या आधीच समजलं. कोण, ते कळायला मात्र चष्मा शोधावा लागला. आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात लहानुजी परिचर होते. काचपट्ट्या पुसणं, सूक्ष्मदर्शक मांडणं, दाबून ठेवलेल्या वनस्पतींचे टिपकागद बदलणं ही त्यांची कामं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी नवी मुलं काही अडलं की अजून त्यांचंच नाव काढत. महिना उलटला तेव्हा कुठे हे लिहायला बसले आहे, आणि लिहायचं आहे ते माझ्या मोठेपणाचं नाही, हे आधीच सांगते.

लहानुजी मौद्याकडच्या एका खेड्यातले. त्यांची आई गावतलावाच्या गाळात उतरून कसेरू काढायची. ज्यांनी ते खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते... बाजारात शिंगाड्याच्या टोपलीशेजारी काळपट, केसाळ, सुपारीएवढे कंद दिसतात, तेच. साल काढली की आत पांढराशुभ्र, कुरकुरीत, गोडसर गर. झाड लव्हाळ्याच्या कुळातलं, पण उंची माणसाच्याही वर जाते. दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, शेंड्यावर तांबूस फुलोरा आणि त्याच्या खाली लांब पानांची छत्री. जागेच्या बाबतीत मात्र ते हट्टी. पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि होळीपर्यंत ते ओसरून उघडा पडणारा काळा गाळ, असा तलावाचा उथळ काठ त्याला लागतो. हे सगळं मी आज ठामपणे लिहिते आहे, पण शिकले ते पुस्तकातून नाही.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस मी प्रबंधासाठी पाणवनस्पती गोळा करत होते. लहानुजींनीच मला त्यांच्या गावच्या तलावावर नेलं. मी काठावर उभी, ते गुडघाभर पाण्यात. मी दांडे बुडाशी स्वच्छ कापून मागितले, कारण आमच्या मार्गदर्शक सरांना कागदावर डाग चालत नसे आणि मलाही टापटिपीचा तोरा होताच. लहानुजी म्हणाले, "बाई, खालचं तं राहूनच गेलं. त्याची खरी ओळख गाळात हाय. हे कसेरू हाय." मी म्हटलं, "लहानुजी, चिखल दाबून ठेवायचा नसतो." ते हसले आणि विळा धुऊन वर आले. घरी येऊन मी पुस्तकं उघडली. कंद नाही, फुलोरा अर्धवट उमललेला. नमुना वाळवून चिकटवलेल्या कागदावर मी दुसऱ्याच एका लव्हाळ्याच्या नावाची चिठ्ठी लावली आणि खाली टीप दिली: 'तण. उपयोग नाही.' ज्या कंदांवर त्यांच्या आईनं दुष्काळात मुलं जगवली, त्यांच्याबद्दल मी हे लिहिलं. प्रबंध मंजूर झाला, पेढेही वाटले.

लहानुजी वाद घालणारे नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात ते गावाहून ओल्या पोत्यात गुंडाळून कंद घेऊन आले आणि विभागामागच्या सिमेंटच्या टाक्यात, प्रयोगासाठी हायड्रिला ही पाणवनस्पती वाढवायचो त्याच्याच शेजारच्या टाक्यात, गाळ घालून लावले. पावसाळ्यात झाड उभं राहिलं, फुललं, आणि माझी चूक माझ्यासमोर डुलू लागली. त्याच दिवशी मला कळलं. आमच्या कामात चूक दुरुस्त करायची रीत सोपी असते. जुनी चिठ्ठी फाडायची नाही. शेजारी नवी चिकटवायची, तिच्यावर खरं नाव, ओळख कुणी पटवली त्याचं नाव आणि त्या दिवशीची तारीख. पाच मिनिटांचं काम! पण पदवी ताजी होती, सर हयात होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी त्या कागदाचं कपाट बंद केलं. मग नोकरी कायम झाली, सर गेले, मी विभागप्रमुख झाले, आणि कपाट बंदच राहिलं.

दर माघात पात वाळली की लहानुजी टाकं उपसून कंद काढत आणि धुतलेले मूठभर माझ्या टेबलावर ठेवत. "घ्या बाई." एवढंच. मला तो टोमणा वाटायचा, तरी मी ते खायचे. एकदा धीर करून म्हटलं, "लहानुजी, तो कागद..." ते खिडकी पुसत होते. "असू द्या बाई. कागद कुठं पळून राहिला?" पुढे त्यांच्या गावचा तलाव यंत्र लावून खोल केला गेला. उथळ काठच गेला, त्याबरोबर कसेरूही. तिथे ते कधीकाळी होतं याचा पुरावा म्हणून माझा तो एक कागद उरला, आणि तोही खोटं बोलणारा.

कार्ड मिळाल्यावर मी जरीपटका वस्तीजवळच्या त्यांच्या घरी गेले. बुद्धाच्या तसबिरीशेजारी लहानुजींचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यांच्या पत्नी भागाबाईंनी माझा हात धरला. "तुमी मोठ्या मनाच्या, बाई. हे सगळ्याईले सांगत... बाईनं आपली चूक सोताच्या हातानं दुरुस्त केली, आन् कागदावर यांचं नाव लिवलं. किती वर्सं झाली त्याले!" माझी लाज त्या माणसानं स्वतःच्या घरातसुद्धा झाकून ठेवली होती. खरं काय ते मी तिथेच सांगायला हवं होतं. त्यांची मुलगी शीला, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, तिनं विचारलं, "बाई, तो कागद पाहाले भेटन का?" मी म्हटलं, "सोमवारी कॉलेजात ये."

शनिवारी मी कपाट उघडलं. नव्या चिठ्ठीवर कसेरूचं शास्त्रीय नाव लिहिलं. ओळख पटवणारे: लहानू सोमाजी. मग तारखेपाशी पेन अडलं. दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख घातली असती तर कुणाला कळणार होतं? लहानुजींचा शब्दही खरा ठरला असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू... पण चिखल टाळून मी एकदा कागद सजवलाच होता. मी त्या दिवशीची तारीख लिहिली.

सोमवारी शीला आली. वडिलांच्या नावावर तिनं हलकेच बोट ठेवलं. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं. "हे तं परवाचं हाय."

"हो," मी म्हटलं. "इतकी वर्षं मी लिहिलंच नव्हतं. तुझे बाबा मला सांभाळून घेत होते."

तिनं कागद जपून टेबलावर ठेवला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. निघताना दारात म्हणाली, "आईले तारीख नका सांगू, बाई."

तिचं म्हणणं मला कळतं. पण याच घरानं मला आणखी किती काळ झाकायचं? हा मजकूर रविवारच्या पुरवणीत छापून येईल. भागाबाईंना वाचता येत नाही. तेव्हा आदल्या दिवशी, शनिवारी, तो कागद घेऊन मी जरीपटक्याला जाते आहे; तारीख त्यांना मीच वाचून दाखवणार आहे.