आर्तेमोन म्हणजे कुठलं शीड?

"बाई, म्होरलां शीड म्हणानच लिवा. पाया पडतंय तुमच्या," बाबू तांडेल म्हणाला आणि खरंच वाकला. मी वैतागले. मी अनुवादक आहे, न्यायाधीश नव्हे!

बायबल मालवणीत आणायच्या प्रोजेक्टवर मी काम करते. ऑफिस कुडाळला. ड्राफ्ट झाला की टेस्टिंग. म्हणजे ज्यांनी ती गोष्ट कधी ऐकलेली नाही, त्यांना वाचून दाखवायची आणि काय कळलं ते विचारायचं. या वेळी गोष्ट होती वादळात सापडलेल्या गलबताची. शेवटी खलाशी नांगर तोडतात, 'आर्तेमोन' वाऱ्यावर चढवतात आणि गलबत किनाऱ्याकडे घालतात. हा ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो. काही पंडित म्हणतात मोठं शीड, बरेचसे म्हणतात पुढचं लहान. म्हणून मी मालवणजवळच्या मच्छीमारांच्या वाडीत गेले. तिथे होडीच्या प्रमुखाला, म्हणजे तांडेलाला, विचारता आलं असतं.

आणि नेमका बाबूच भेटला. काही वर्षांमागे वादळात त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं. त्याने पुढे ताडपत्रीचं छोटं शीड बांधलं आणि होडी मुद्दाम रेतीवर घातली. होडी फुटली, माणसं जगली. होडी दोघा भावांची. थोरला शांताराम म्हणाला, "मोठां शीड होतां मा होडयेत? ता चढयलं असतंस तर बंदराक लागलं असतंस. भियालंस नि होडी फोडलंस." तेव्हापासून थोरला त्याच्याशी बोलत नाही. अंगण एक, चुली दोन.

"पोथयेत तसांच आसा म्हटल्यावर दादा काय बोलतलो?" बाबू म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. मलाही गलबलून आलं. पण ज्याचं गाऱ्हाणं, त्यालाच साक्षीदार कसं करायचं?

पुण्याहून प्रोजेक्टच्या सरांचा फोन आला. "फाईल प्रिंटिंगला कधी देताय?"

"सर, शीड अडलंय. टेस्टिंगला भेटलेल्या माणसाचा त्यात स्वार्थ आहे."

"मग दुसरा शोधा."

वाडीत दुसरा मुरलेला तांडेल एकच. शांताराम. घ्या आता!

तो सुरूच्या सावलीत जाळं शिवत होता. थोडं पलीकडे बाबूही जाळंच शिवत होता, त्याच्याकडे पाठ करून. मी ड्राफ्ट वाचला आणि शिडाचा शब्द गाळला. "पाठीवर लाटा, नांगर तोडलेले, समोर वाळू. आता कुठलं शीड चढवायचं?"

"ह्या काय इचारूचां झालां?" शांताराम जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला. "म्होरलां, ल्हान. मोठां चढयल्यान तर आडवी पडात नि उलटी जायत."

बोलून गेला आणि हात थांबला. पलीकडे बाबूचाही. मी ड्राफ्टचं पान उलटलं. 

जाळ्याकडे बघतच शांतारामने विचारलं, "मगे? तारू लागला किनाऱ्याक?"

"नाही. रुतलं आणि मागून फुटलं."

"माणसां?"

"सगळी वाचली."

शांतारामने जाळं खाली ठेवलं.  मग पलीकडे न बघताच हाक मारली, "बाबू रे, चाय पितलंस?"

बाबू इकडे वळला. मग म्हणाला, "पितंय. बिनसाकरेची."

"माका म्हायत आसा," थोरला खेकसला.

मी फाईलमध्ये लिहिलं: आर्तेमोन, पुढचं लहान शीड. टेस्टिंग पूर्ण. तेव्हापासून मी टेस्टिंगला आधी रुसलेला माणूस शोधते. कुणाला बरं वाटावं म्हणून तो काही सांगत नाही.