विल्होची कडी

विल्हो कोटिलाने केलेलं काम बिघडलं, असं सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पाच्या टोकाच्या त्या गावात कुणी कधी म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून तो घरी बसला आणि मग गावातल्या स्नोब्लोअरांच्या, म्हणजे अंगणातला बर्फ उचलून लांब फेकणाऱ्या मशीनच्या, मागे लागला. दुकानातून आलेलं मशीन त्याला अर्धवटच वाटायचं. ओला बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीत तुंबतो? त्याने खाणीतल्या माल वाहणाऱ्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून आतल्या पंख्याच्या पात्यांना जोडलं. बर्फ थेट रस्त्यापलीकडे पडायला लागला. ढिगाची भिंत मशीनवर कोसळते? मोडक्या खाटेच्या लोखंडी पट्ट्या दोन्ही बाजूंना उभ्या ठोकल्या. त्या ढीग कापत जायच्या. लोक यायचे, कॉफी प्यायचे आणि "आमच्यालाही लाव" म्हणून जायचे. विल्हो वरवर कुरकुरायचा, आतून फुलून यायचा.

शेजारचा ओन्नी रुओना त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली होती.

"विल्ह्या, ही कांडी दाबून दाबून जीव जातो रे माझा," तो एकदा म्हणाला.

मशीनच्या मुठीखालची ती कांडी दाबून धरली तरच पाती फिरतात. सोडली की थांबतात. विल्होने पोलादी पट्टी वाकवून एक कडी केली. ती अडकवली की कांडी आपोआप दाबलेली राहायची.

"सोड हात. आता शीळ घालत चाल."

ओन्नी खरंच शीळ घालत अंगण साफ करून आला. महिन्याभरात आणखी पाच घरांनी कडी लावून घेतली.

जानेवारीत सरोवरावरून ओल्या बर्फाचा मारा सुरू झाला. एका सकाळी विल्हो शेडमध्ये काम करत असताना शेजारून ओरडणं ऐकू आलं. तो धावला. ओन्नी गुडघ्यांवर बसला होता, उजवा हात पोटाशी धरून, आणि समोरचा बर्फ लाल झाला होता. तुंबलेली नळी मोकळी करायला त्याने हात घातला होता. कांडी सोडली म्हणजे पाती थांबली, अशी आयुष्यभराची सवय; कडीचं भान राहिलं नाही.

विल्होने मफलरने हात बांधला, त्याला स्वयंपाकघरात बसवलं, अॅम्ब्युलन्स बोलावली. मग मशीन बंद करायला बाहेर आला. ते अजून घरघरत होतं. कडी आपल्या जागी घट्ट बसली होती. त्याने मशीन बंद केलं. रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. त्याने कडी काढून खिशात टाकली.

ओन्नीची दोन बोटं गेली. मुलगी मार्लीन डुलुथ शहरातून आली. तिने मशीन तपासलं, त्यात काहीच दोष दिसला नाही.

"काका, तुम्हीच सांगा," ती विल्होला म्हणाली, "फिरत्या पात्यांत कुणी हात घालतं का? बाबांना विचारलं तर म्हणतात, आठवत नाही. बाबांचं डोकं आता चालत नाही. या रविवारी मी त्यांना घेऊन जातेय. वृद्धाश्रमात जागा बघितलीय."

ओन्नी तिथेच खुर्चीत बसला होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"हो," विल्हो म्हणाला, "वय झालंय आता त्याचं."

तोंडातून शब्द गेले आणि त्याला स्वतःची शिसारी आली. तरीही तो उठला, टोपी घातली आणि घरी आला.

शनिवारी दोघं नेहमी विल्होच्या सौनात, वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, बसायचे. त्या शनिवारी तो एकटाच बसला. तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, पण समोरची मोकळी फळी त्याला बघवेना. अंग पुसून तो तसाच बाहेर पडला.

रविवारी सकाळी ओन्नीकडे खोकी भरणं चाललं होतं. विल्होने कडी टेबलावर ठेवली.

"हे काय?" मार्लीनने विचारलं.

"ही मी केली. हिच्यामुळे पाती थांबली नाहीत. त्या दिवशी मीच काढून लपवली. तुझ्या बाबाचं डोकं ठीक आहे, पोरी."

मार्लीनने कडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "आणि तुम्ही मला म्हणालात, वय झालंय."

ती ओन्नीकडे वळली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"कडी होती हे माहीत होतं," ओन्नी म्हणाला. "मशीनवर दिसेना, तेव्हा कळलं कुठे गेली ते." मग विल्होकडे वळून म्हणाला, "दहा दिवस लावलेस, भल्या माणसा. तुझं नाव यायला नको म्हणून मी तर घर सोडायला निघालो होतो."

"अशा कड्या आणखी किती जणांकडे आहेत?" मार्लीनने विचारलं.

"पाच."

"मग इथे काय थांबलात? जा, काढून आणा."

विल्हो निघाला. प्रत्येक दारात त्याने कडी मागितली आणि का ते सांगितलं, खिशात टाकल्याचंही. एकाने मुकाट्याने काढून दिली. आयली हेइक्किनेन मात्र ऐकेना. "मला चांगली उपयोगी पडते, मी काही ओन्नीसारखी वेंधळी नाही," ती म्हणाली.

"वेंधळा तो नव्हता," विल्हो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लागला. बाजूच्या अंगणातली माणसं फावडी थांबवून ऐकत होती. पण पुरतं सांगून होईपर्यंत तो तिच्या पायरीवरून हलला नाही.