दाजींचा पूर्ण करंट

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, जन्मभर एका कारखान्याच्या फाटकाशी बसून येणाराजाणारा माल तपासत होते. आतलं काम त्यांनी काचेतून पाहिलेलं. पण निवृत्त झाल्यावर तो कारखाना आपणच चालवत होतो अशी त्यांची हळूहळू खात्री पटली, आणि घरामागच्या शेडमध्ये स्पॉट वेल्डिंगचं जुनं यंत्र येऊन बसलं. पत्र्याच्या टपालपेट्या करून विकायचा बेत होता.

यंत्राचं काम सरळ. तांब्याच्या दोन टोकांत दोन पत्रे चिमटायचे आणि पेडल दाबायचं. क्षणभर करंट जातो, तेवढ्या ठिपक्यात पत्रे वितळून एकजीव होतात. करंट किती आणि किती वेळ, हे पॉवर सप्लायच्या दोन बटणांवर ठरवायचं.

उद्घाटनाला दाजींनी शेजारपाजार गोळा केला. पत्रे धरायला मला उभं केलं.

"करंट किती ठेवायचा, दाजी?"

"आहे तेवढा सगळा! हात आखडणाऱ्याचं जगात काही जुळत नाही."

दोन्ही बटणं टोकाला फिरवून त्यांनी पेडल दाबलं. फाडकन आवाज झाला, ठिणग्यांचा फवारा उडाला, पाहुणे एकमेकांचे पाय तुडवत मागे सरले. पत्र्याला आरपार भोक पडलं होतं आणि उरलेला पत्रा तांब्याला घट्ट चिकटला होता.

"पत्रा बनावट आहे," दाजी म्हणाले.

मग त्यांनी बटणं पार खाली आणली. पेटी दिसायला झकास झाली. दाजींनी ती ऐटीत शेजाऱ्याच्या हातात दिली आणि तिचा तळ त्याच्या अंगठ्यावर पडला. आता दोष विजेचा ठरला, मग यंत्राच्या आधीच्या मालकाचा, मग माझ्या धरण्याचा. नाचता येईना की अंगण वाकडं म्हणतात. दाजींनी अख्खी गल्लीच वाकडी ठरवली.

अंगठा चोळत शेजारी गेल्यावर ताई शेडमध्ये आली. ती घरी कपडे शिवून देते.

"अहो, नवा दोरा लावला की मी आधी चिंधीवर टाके घालून बघते. तुम्ही थेट सदराच घेतलात."

"अगं, हे शिवणकाम नाही!"

"उसवतंय मात्र तसंच."

तिने पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवरचं तेल पुसलं, तांब्याची टोकं घासली. करंट अगदी कमी ठेवून एक जोड मारला आणि माझ्या हातात दिला. "तोड." सहज सुटला. बटण किंचित पुढे. "तोड."

"यंत्र जोडायला आणलंय की तोडायला?" दाजी करवादले.

ताईने बटण आणखी थोडं पुढे सरकवलं. अखेर एक पट्टी मी पकडीने पिळून पिळून दमलो. पत्रा फाटला, पण टिकलीएवढा तो ठिपका दुसऱ्या पत्र्याला धरून राहिला. तिथेच ताईने बटणांवर नेलपॉलिशची खूण केली आणि दाजींना बजावलं, "याला हात लावायचा नाही."

आता पेट्यांना चांगली मागणी आहे. ताई आत जोड मारते. दाजी बाहेर खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना सांगतात, "पहिल्या दिवशी मी मुद्दाम पूर्ण करंट दिला. यंत्राची मर्यादा कळायला नको?"

गेल्या आठवड्यात एका मंडळाने त्यांना 'घरगुती उद्योग' या विषयावर भाषणाला बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या, सगळं यथासांग झालं. ताईला जाता आलं नाही. तिला ऑर्डर पुरी करायची होती.