वेल्सच्या गडावर हर हर महादेव

गडासमोर उभा राहिला की मराठी माणूस पगार, हुद्दा आणि व्हिसा विसरतो, असं आमच्या मंडळाचे अध्यक्ष दर गणपतीत माइकवरून सांगत. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आसपास एकही गड नसल्यामुळे हे विधान तपासून पाहायची सोय नव्हती.

दोन हजार पाच साली ती सोय होईल असं वाटलं. अध्यक्षांनी टीव्हीवर वेल्समधले जुने किल्ले पाहिले, सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी इंग्रज राजाविरुद्ध बंड केलं होतं हेही ऐकलं, आणि "हे तर आपलंच झालं यार!" म्हणत उन्हाळ्याची टूर जाहीर करून टाकली. गाइड म्हणून काकांचं नाव निघालं. काका म्हणजे सांता क्लाराच्या एका कंपनीत मॅनेजर असलेल्या आमच्या मित्राचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सह्याद्रीतल्या गडांवर आयुष्यभर लोकांना घेऊन हिंडलेले आणि काकू गेल्यावर मुलाकडे येऊन राहिलेले. मुलाच्या टाउनहाउसमध्ये त्यांच्याकडे डिशवॉशर रिकामा करायचं खातं होतं. भांडी कुठे ठेवली ते सून नंतर तपासून घेई. त्यामुळे "काका, तुम्हीच न्या आम्हाला" हे वाक्य त्यांनी नको तितकं मनावर घेतलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली, नकाशे काढले, एक शिट्टी विकत घेतली. पुण्याच्या मित्रांना फोन करून सांगितलंही, "परदेशात गड दाखवायला बोलावलंय."

टूरची ओळख म्हणून एका रविवारी दुपारी शाळेच्या कॅफेटेरियात काकांचा स्लाइड शो ठेवला. प्रमुख पाहुणे होते अध्यक्षांचे शेजारी, वेल्समध्ये जन्मलेले एक निवृत्त दंतवैद्य. त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळाचं काय करतात ते न कळल्यामुळे तो मांडीवर घेऊन ते शांत बसले.

सुरुवात चांगली झाली. बुरूज, तटबंदी, खंदक. काका रंगात आले. मग समुद्राकाठच्या कातळावरचा एक किल्ला पडद्यावर आला आणि काकांनी हात वर केला.

"मंडळी, हा त्यांच्या स्वराज्याचा गड! इथूनच बंडवाले लढले. म्हणा, हर हर..."

"महादेव!" कॅफेटेरिया दणाणला.

लोक का ओरडले, असं पाहुण्यांनी अध्यक्षांना विचारलं. उत्तर ऐकून ते सौम्यपणे म्हणाले, "पण हा किल्ला इंग्रज राजाने बांधला. आम्हाला दाबून ठेवायला. त्याच्याजवळच्या गावात आमच्या लोकांना राहायची बंदी होती, असं माझी आजी सांगायची."

गडावर असतो तो आपला आणि खाली तळ ठोकून बसतो तो शत्रू, हे आमच्या हाडात मुरलेलं. तिथे नेमकं उलट होतं. काकांच्या पुस्तकात ते लिहिलेलं असणारच. पण त्यांनी फोटो मन लावून पाहिले होते आणि इंग्रजी मजकूर झेपेल तेवढाच वाचला होता.

"काका, मोगलांच्या तंबूवर भगवा लावलात की!" मागून कोणीतरी ओरडलं. हसू पसरत गेलं. काकांनी घाईघाईने पुढची स्लाइड लावली, ती उलटी आली. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने त्यांचा मुलगा हसला.

"बाबा, बसा आता," तो म्हणाला. "डिशवॉशर लावणं वेगळं, हिस्टरी वेगळी."

काका बसले. पाहुण्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. वाजवणारे ते एकटेच होते.

त्याच आठवड्यात टूर कॅन्सल झाली. "काकांमुळे सगळा मूड गेला," असं अध्यक्षांनी सर्वांना कळवलं. खरं कारण असं, की मंडळातल्या निम्म्या लोकांच्या पासपोर्टमधल्या अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपली होती. देशाबाहेर पाऊल टाकलं, तर परत येण्यासाठी अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत द्यावी लागली असती. हे टूर जाहीर झाल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. फक्त सांगायची लाज वाटत होती. काकांनी ती अडचण सोडवली.

पुढे मी लायब्ररीत सहज पाहिलं. बंडवाल्यांनी तो किल्ला खरोखरच जिंकून घेतला होता आणि काही वर्षं तिथूनच लढा चालवला होता. म्हणजे काकांचं वाक्य शब्दशः बरोबर होतं. हे काकांना माहीत नव्हतं, आणि लहानपणीच वेल्स सोडून आलेल्या पाहुण्यांनाही नव्हतं. मी काकांच्या मुलाला सांगितलं.

"बरं झालं तुला तेव्हा माहीत नव्हतं," तो म्हणाला. "टूर करावी लागली असती ना!"

उन्हाळ्यात सगळे गाड्या काढून लास व्हेगासला गेले. काकांनाही नेलं. कॅसिनोत लहान मुलांना थांबू देत नाहीत, त्यामुळे नातीजवळ खोलीत कोणीतरी लागतं.