दोन बोटं डावीकडे

तेलगावच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, एवढं ऐकूनच मी लग्नाला होकार दिला. दुकान आधी पसंत पडलं, नवरा नंतर. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि घरात बसायला मी शिकले नव्हते.

सहा वर्षं त्या दुकानात मी काम केलं. सुरुवातीला गिऱ्हाईक बोलायचं त्याच्याशी आणि गाडी दुरुस्त व्हायची माझ्या हातून. हळूहळू काहीजण थेट मलाच विचारायला लागले. भर दिवसा, रस्त्यावरून दिसेल असं बॉनेट उघडून काम करायचं, एवढंच मला हवं होतं आणि ते मिळालं होतं.

आप्पा मोंढ्यातले भुसार व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक आणि आमच्यासारखेच शिवभक्त. संध्याकाळी परतताना गाडीचे लाईट लावायला विसरायचे. एकदा उसाच्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचले, तेव्हा त्यांनी अंधार पडला की आपोआप हेडलाईट लावणारं मोड्यूल मागवलं आणि गाडी आमच्याकडे आणली. हे काम माझी बायको करील, असं नवऱ्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

मी दीड दिवस घेतला. बॅटरीची वायर फ्यूजमधून घेतली. दुसरी चावीच्या स्विचवरून, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून वायर नटाखाली दाबली. लाईटच्या मूळ वायरी कुठेही तोडल्या नाहीत. राहिला उजेड-अंधार ओळखणारा सेन्सर. बटणाएवढा असतो, त्याला डॅशबोर्डवर काचेजवळ उजेडात जागा लागते. तिथे आप्पांनी कपिलधारच्या यात्रेहून आणलेली छोटी पिंड चिकटवलेली होती. तिच्या पुढ्यात मोकळी जागा दिसली, तिथेच बसवला. वर तळहात धरला की लाईट लागायचे, काढला की विझायचे. आप्पांनी चार-पाचदा स्वतः करून पाहिलं आणि मला शाबासकी दिली.

पुढच्या सोमवारी ते भर दुपारी तापूनच आले. घरापासून इथपर्यंत समोरून येणारा प्रत्येकजण मूठ उघडझाप करून लाईट चालू असल्याचं दाखवत होता. एका टमटमवाल्यानं तर गाडी आडवी घालून सांगितलं. चार माणसांत शोभा झाली, असं आप्पांचं म्हणणं. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती.

मी मीटर घेऊन गाडीत शिरले. चावीचा करंट बरोबर, अर्थिंग पक्कं. मग मान वर केली. सकाळी पिंडीवर वाहिलेलं बेलाचं पान घसरून नेमकं सेन्सरवर पडलं होतं आणि ओल्या गंधानं चिकटलं होतं. सेन्सरच्या लेखी रात्र झाली होती. मोड्यूल आपलं काम चोख करत होतं. चूक माझीच. आमच्याही घरी सोमवारी बेल वाहतात, पान कुठे घसरतं हे मला कळायला हवं होतं. सेन्सर दोन बोटं डावीकडे सरकवला की झालं. मी नवऱ्याला हळूच बोलावून हे सगळं दाखवलं.

त्यानं पान मुठीत घेतलं, उगाच एक-दोन वायरी हलवल्या आणि बाहेर गेला.

"वायर लूज झालती, आप्पा," तो म्हणाला. "बाईमाणसाचं काम हाय, व्हतंय आसं. आता मी सोता केलंय."

आप्पांचा राग उतरला. यापुढे गाडीला तूच हात लावत जा, असं ते त्याला म्हणाले. बसलेली दोघं हसली. मी मीटर हातात धरून गाडीतच बसून राहिले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका रागही.

घरी आल्यावर मी त्याला धारेवर धरलं. त्याचं म्हणणं, आप्पांच्या शब्दावर मोंढ्यातल्या गाड्या येतात, देवाच्या पानानं घोटाळा केला हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मग सेन्सरची जागा चुकली असं सांगायचं होतं, मी म्हणाले. ते खरं होतं आणि मी मान खाली घालून ऐकलं असतं. माझी चूक कारागिराची होती. त्यानं ती बाईची करून टाकली. एवढं काय मनाला लावून घेतेस, असं म्हणून तो जेवायला बसला.

सेन्सर तिथेच राहिला. दुरुस्त केलंय म्हणून सांगितल्यावर पुन्हा काय उघडणार? गिऱ्हाइकं मात्र त्याला विचारायला लागली, काम तुमीच करताय न्हवं? चार दिवस घरी थांब, असं त्यानं मला सांगितलं. त्या चार दिवसांना आता वर्ष झालं. वायरी आणि रिले पिशवीत भरून घरी येतात. मी स्वयंपाकघरात बसून जोडण्या करते, तो नेऊन गाडीत बसवतो. त्याचा हात लई साफ हाय, असं लोक म्हणतात म्हणे. हे तो मला कौतुकानं सांगतो, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या सोमवारी तो दुपारीच धापा टाकत घरी आला. आप्पांचे लाईट पुन्हा भर उन्हात लागले होते. एरवी असं झालं की तो गुपचूप पान उचलायचा. या वेळी पान नव्हतंच. त्यानं रिले बदलला, स्विच उघडला, काही उपयोग झाला नव्हता. आप्पांना चहाला पाठवतो, तेवढ्यात दुकानात मागच्या दारानं येऊन बघून जा, असं तो म्हणाला.

मला न बघताच कळलं होतं. वर्षभराचं गंध आणि भस्म सेन्सरवर साचून वाळलं असणार. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि दोन बोटं डावीकडे सरकवायचं, पाच मिनिटांचं काम. मी पिठाचे हात धुतले नाहीत.

"वायर लूज झाली आसंल," मी म्हणाले. "बाईमाणसाचं काम हाय, व्हतंय आसं. तुमी सोता करा."